दोन पेट्यांचं एकमत

तनुजाचं मूल पोटात आडवं आलं होतं. बाळंतिणीच्या खोलीबाहेर भिंतीवर सल्ला देणाऱ्या दोन बोलक्या यंत्रपेट्या होत्या. एक पेटी कारणाला कारण जोडत पायरी-पायरीनं उत्तर काढी, दुसरी लाखो जुन्या बाळंतपणांशी ताडून बघे. पहिली म्हणाली, "आत्ताच पोट कापून मूल काढा." दुसरी म्हणाली, "कापू नका. बाहेरून हातानं मूल फिरवा."

"आक्का, घरातल्या थोरल्या तुम्ही. कायद्यानं निवड तुमची. कुठलीही एक सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी, म्हणजे चंद्राक्कांनी, पदर खोचला. "आमच्यात नुसतं स्थळ बघायचं तरी दोघांचा होकार लागतो. आधी ह्या दोघींचं जुळू दे, मग सुनेला हात लावा."

"आत्याबाई, काहीतरी एक ठरवा हो," आतून तनुजा कळवळली.

"शहाण्यांचं भांडण मिटू दे. तू गप पड."

पेट्या एकमेकींच्या चुका शोधत राहिल्या. हळूहळू तनुजाचा आवाज थांबला. बाळाचा आलाच नाही.

चंद्राक्का पेट्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आता सांगा, तुमच्यातली चुकीची कोण होती?"

दोन्ही पेट्या पहिल्यांदाच एकदम बोलल्या, "कुणीच नाही. कुठल्याही वाटेनं दोघं वाचली असती."