विचारपूस

"काका, दुखऱ्या पायांनी दोन-दोन पायऱ्या चढताय?" दवाखान्यातल्या नम्रताने टोमणा मारला. "तेल भलतंच मानवलंय की!"

यज्ञेश्वर ओशाळले आणि बाकापर्यंत उगाच लंगडत गेले. दर गुरुवारी तेल न्यायला येणाऱ्या सुहासिनीबाई अजून आल्या नव्हत्या.

मधुमेहाने यज्ञेश्वरांच्या पायांच्या नसा बिघडवल्या होत्या. तळव्यांखाली निखारे पसरल्यासारखं वाटायचं. वैद्यांनी सीबीडीचं तेल दिलं. भांगेच्या पानांतून काढलेलं, पण नशा न आणणारं. जिभेखाली थेंब सोडायचे. हळूहळू निखारे विझले. वैद्यांना त्यांनी तसं सांगितलंही. सुहासिनीबाईंना मात्र 'काही गुण नाही' असंच सांगत राहिले. बऱ्या झालेल्या माणसाची विचारपूस कोण करतं?

आणि अशी विचारपूस जन्मात कुणी केली नव्हती. "रात्री पायांवर चादर सोसते का? गार पाण्याने बरं वाटतं, की आग वाढते?" सुहासिनीबाईंना त्यांच्या दुखण्याबद्दल विचारावं, तर म्हणायच्या, "माझं राहू द्या हो, तुमचं सांगा." आयुष्य पुस्तकांत एकट्याने काढलेले यज्ञेश्वर मग खाली बघत, एकेक शब्द निवडून सांगत.

अलीकडे सुहासिनीबाई तेलाची बाटलीही नेत नसत. कात्रजहून बस बदलून यायच्या, बोलायच्या, निघून जायच्या. मग येतात कशासाठी? उत्तर मनात आलं की यज्ञेश्वरांचे कान तापायचे. छे, आपल्यासाठी कोण येतंय! तरी दर गुरुवारी शर्टाला इस्त्री व्हायचीच.

त्या आल्या. जागरणाने चेहरा ओढलेला होता.

"आज कसं आहे?"

"आग तशीच," ते सवयीने म्हणाले. मग धीर करून पुढे बोलले, "एक विचारू? बाटली न्यायची नसते, तरी आपण एवढ्या लांबून..."

"तुमच्यासाठीच येते," सुहासिनीबाई हळूच म्हणाल्या.

यज्ञेश्वरांनी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"आमच्या ह्यांचं दुखणं अगदी तुमच्यासारखंच. पण अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेली. रात्रभर नुसते डोळे वाहतात. काय होतंय, ते मला तुमच्या तोंडून कळतं." त्यांनी पदराने डोळे टिपले. "तुम्हाला गुण नाही म्हणालात ना, तेव्हाच ह्यांचं तेल बंद केलं मी."