उलगडलेला ठोकळा

"आता हा ठोकळा सांग गं," जयवंता म्हणाली आणि सुरभीच्या डोक्यात तिडीक गेली.

आता! परीक्षा उद्यावर आलेली, आणि बाईसाहेबांना आज ठोकळा सुचतोय!

दिवसभर गोठा, धुणं, सासऱ्यांचं पथ्याचं वेगळं जेवण. सुरभीचा जीव नुसता मेटाकुटीला आलेला. लोधिवलीच्या त्या घरात सुनांना बूड टेकायला मिळायचं ते संध्याकाळी, भाकऱ्या झाल्या की पुरुषमाणसं कंपनीतून येईपर्यंत. तेवढ्यात सुरभी बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक उघडायची. उघडलं रे उघडलं की थोरली जाऊ पाट ओढून शेजारी हजर.

भरती लिपिकाची होती. विषय आधी सुरभीनंच काढला होता. तर दुसऱ्याच दिवशी जयवंता म्हणाली, "मी पण बसते गं परीक्षेला. बारावी काय तू एकटीच झालीस? मला शिकव तेवढं."

थोरल्या जावेला नाही कोण म्हणणार?

वर सासूबाईंनी फर्मान काढलं. "दोघींतली एकच बाहेर जाईल. घर काय वाऱ्यावर सोडायचं? दोघी पास झाल्या तर थोरलीचा मान पयला. आन यंदा नाय जमलं तर ती पुस्तकं सरळ रद्दीत."

म्हणजे झालंच की! आपणच शिकवायचं आणि आपलाच पत्ता कापून घ्यायचा. लग्नाआधी दहिवलीला माहेरी असताना सुरभीनं या नोकरीची स्वप्नं बघितली होती. ती आता अशी दुसरीच्या ताटात वाढायची वेळ आली होती.

बरं, शिकणारी तरी धड असावी! दिशांचं गणित आलं, बाजूला चौकातून चार रस्ते फुटलेलं चित्र असलं, की जयवंता विचारायची, "यात घाट कुठल्या अंगाला धरू?"

"ताई, पुस्तकात घाट नसतो. वर उत्तर दिशा."

"वर तर खंडाळा ना गं?"

सुरुवातीला सुरभीला हसू यायचं. पुढंपुढं हसायचाही कंटाळा आला.

आतून सासूबाईंची हाक यायची, "सुरभी, लसूण सोलायचा ऱ्हायलाय गं!" सुरभी उठायला लागली की जयवंता तिचा हात धरून खाली बसवायची. "थांबा ओ आई! माज्या डोक्यात शिरलं नाय अजून. ही उठली तर मी नापास व्हईन." सासूबाई स्वतःच लसूण घेऊन बसायच्या. सुरभी मनात म्हणायची, हिचं घोडं नेहमी पुढं.

आणि एकदा सांगून भागायचं नाही. पुस्तक मिटून चित्र काढून दाखव. हेच उत्तर का, ते का नाही? याला दुसरी रीत हाय का? सुरभीचा घसा कोरडा पडायचा. रात्री अंथरुणावर पडली तरी डोळ्यांपुढं आरशातले उलटे आकडे नाचायचे.

आणि आता हा ठोकळा. पुस्तकात उलगडून पसरलेल्या ठोकळ्याचं चित्र होतं, प्रत्येक चौकोनात एकेक अंक. खाली प्रश्न, घडी घातल्यावर तीनच्या समोर कोणता अंक येईल? एका रांगेत एक सोडून एक चौकोन समोरासमोर येतात, हे सुरभीनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

"शेजारशेजारचे दोन चौकोन समोरासमोर येतात," ती म्हणाली. "डोळे मिटून लिहायचं."

"शेजारचे? असं कसं गं?"

"असंच असतं ताई."

जयवंतानं चित्राकडं बघितलं, मग सुरभीच्या तोंडाकडं. "बरं बाई. तू सांगतेस म्हंजे तसंच असंल."

सुरभीला लाज वाटली. चांगलीच वाटली. पण तिनं शब्द मागे घेतला नाही. ती इतकी दमली होती की चांगलं वागायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं.

सकाळी दोघी शेअर रिक्षात बसल्या. परीक्षेचं केंद्र शिळफाट्याच्या पुढं होतं. जयवंता सारखी पुटपुटत होती, "शेजारचे समोरासमोर... शेजारचे समोरासमोर." सुरभी बाहेर बघत राहिली. सांगून टाकावं का? सांगितलं आणि हीच पास झाली तर? चौक गाव गेलं, खालापूर गेलं, तिनं तोंड उघडलं नाही.

केंद्राच्या फाटकाशी पोरींची रांग लागली होती. रखवालदार एकेकीची पिशवी बाहेर ठेवायला सांगत होता. जयवंताचा घामेजला चेहरा बघून सुरभीला एकदम भडभडून आलं. नोकरी गेली खड्ड्यात!

"ताई, ते ठोकळ्याचं मी काल..."

"आता काय बोलू नको. डोकं शांत ठेव," म्हणत जयवंतानं तिची पिशवी काढून घेतली आणि कडेच्या कठड्यावर बसकण मारली. "ही मी सांबाळते. तू जा आत."

"आणि तुम्ही? ओळखपत्र काढा ना ताई, रांग सरकतेय."

"माजं कसलं वळखपत्र? मी फॉर्म तरी कुठं भरलाय?" जयवंतानं पाय पसरले. "तू एकली पुस्तक घेऊन बसली असतीस, तर आईंनी रोज उठवलं असतं तुला. थोरलीला शिकवतेस म्हटल्यावर कुणाची टाप होती?"