पेटीतलं गाव

जनसुनावणी शाळेत होती. गावात उरलेला एकुलता एक माणूस, म्हातारा धाकू तांडेल, काखेत पेटी घेऊन आला. मेलेल्या गावकऱ्यांची मनं त्या पेटीत जपलेली होती आणि कायद्याने त्यांना वर्षातून एकदा मत देता येई.

"खाडीत रसायनांचा कारखाना हवा?" साहेबांनी विचारलं.

"नको!" पेटीतून दोनशे आवाज उठले. खाडी यंदाही वाचली.

पेटी बंद होण्याआधी धाकूच्या बायकोचा, चांगुणाचा आवाज आला, "अवो, पुनवेला दर्याला नारळ द्यायला कोण कोण होतं?"

नारळ धाकूने एकट्यानेच सोडला होता.

"अख्खं गाव होतं गो," तो म्हणाला. "आत्ताही वाळूवर पोरं कसा कालवा करतायत. ऐकू येतंय ना?"

बाहेर नुसत्या लाटा फुटत होत्या.

"येतंय की," चांगुणा हलकेच म्हणाली.