लवूचा हात

लवूचा हात अजून वर झाला नव्हता.

मथुराने पुन्हा फोन उघडला. वाडीच्या ग्रुपवर बाकी सगळ्यांचे हात रांगेने वर होते. इतर ग्रुपांत लोक हाताचं हे चित्र ‘मीपण जेवायला येणार’ म्हणून टाकतात. या वाडीत मात्र बिबट्या दिसू लागल्यापासून त्याचा अर्थ एकच, मी घरी पोचलो. कल्पना गुरुदास मास्तरांची. म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही जमावं म्हणून शाळेतल्या हजेरीसारखा नुसता हात. मथुराचा नवरा लवू तर रोज घरी आला की हौसेने आपल्या बाबांकडूनच तो दाबून घ्यायचा.

आज काळोख पडायला लागला, तरी लवू काजूच्या बागेतून आला नव्हता. फोनची रिंग जात होती, पण उचलत नव्हता. फोन मुका करून ठेवायची त्याची जुनी खोड. सकाळी त्याच बागेच्या कडेला अर्धं खाल्लेलं वासरू सापडलं होतं.

“बाबा, माका भिया वाटता ओ,” असं सासऱ्यांना म्हणता म्हणता तिला रडू फुटलं.

बाबा लवूच्या खाटेवर गोधडी पांघरून बसले होते. “रडा नको गो. हात दिसलो काय तुका बरा वाटात मां?”

“होय ओ.”

इतक्यात शेजारच्या मंगेशचा निरोप ग्रुपवर आला. काठ्या, बॅटऱ्या घेऊन माणसं बागेकडे निघाली होती. मथुरा अंगणात धावली. टेकाडावर उजेड हलताना दिसत होते.

हातातला फोन वाजला. लवू. हात वर!

तिने फोन कपाळाला लावला. लगेच मंगेशचा फोन आला. “गावलो मां तुझो घोव! आमी फिरतंव माघारी.”

“होय, होय. पाणंदीत पोचले असतले, म्हणान हात आधीच दाबलो. जावा तुमी घराक.”

टेकाडावरचे उजेड खाली उतरले आणि एकेक करून विझले. मथुराने लवूच्या आंघोळीचं पाणी चुलीवर ठेवलं. ते उकळलं, तरी पाणंदीत पाऊल वाजेना.

“बाबा, हे अजून खंय ऱ्हवले?”

बाबांनी गोधडीखालून लवूचा फोन काढून तिच्यापुढे धरला.

“तुका रडताना बघवला नाय गो. म्हणान मीच तो हात वर केलो.”