नदीत न सोडलेला मासा

काचेच्या टाकीतला सकर मासा हातभर लांब झाला होता. बादलीत त्याला सरळ राहता येईना, म्हणून वाकून पडला होता. संघपाल बादली घेऊन वैनगंगेच्या काठावरच्या चिखलात उतरला, तेवढ्यात मागं स्कूटी थांबली.

"बाबा, सोडू नका," खुशबू धावत आली.

"काहून? टाकीच्या काचेले घासून घासून नाकातून रक्त निघालं त्याच्या. दुकानदार वापस घेत नाही. इथं मोकळा तरी राहीन."

बोटाएवढा होता तेव्हा काचेवरचं शेवाळ खायला म्हणून संघपालनंच तो आणला होता. एसटी डेपोतून आला की तो आधी टाकीपुढे बसायचा. माशांचं वेड त्याचंच; मुलीला ते त्याच्याकडून लागलं होतं.

"तो इथला नाही, बाबा. इथल्या माशायचे अंडे खाते. याचं पीक वाढलं का ढिवरायच्या जाळ्यात दुसरं काही येत नाही."

"एक मासा सोडल्यानं एवढ्या मोठ्या नदीले काय होते?"

"सारे एकेकच सोडतेत."

संघपालनं बादली चिखलात टेकवली.

"मंग काय मारू त्याले?"

ओढणीच्या टोकाला बांधलेली लहान बाटली खुशबूनं सोडून दाखवली. लवंगेचं तेल होतं.

"हे पाण्यात टाकलं का तो झोपते. मंग उठत नाही. घरी चला. मी करते."

घरामागच्या मोरीपाशी तिनं बाटली उघडली. तेल बादलीत पडण्याऐवजी तिच्या बोटांवर सांडलं. संघपालनं बाटली तिच्या हातातून काढून घेतली.

"तू आत जाय."

"तुमच्यानं होत नाही, बाबा. साधी पाल मारू देत नाही तुम्ही घरात."

"तुह्या हातानं नको."

ती आत गेली नाही. त्यानं थोडं थोडं करून तेल ओतलं. मासा एकदा जोरात उसळला, मग हळूहळू कुशीवर कलला. संघपालनं पाण्यात हात घालून त्याच्या पोटाखाली तळवा धरला. कल्ले हलायचे थांबले, तरी त्यानं हात काढला नाही. पार्वताबाईनं, त्याच्या बायकोनं, चहासाठी दोनदा हाक मारली तेव्हा तो उठला आणि पपईच्या झाडाखाली खड्डा खणू लागला.

संध्याकाळी त्यानं रोजच्यासारखी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. मागं पार्वताबाई आणि खुशबू हात जोडून बसल्या. त्रिशरण झालं. पंचशील तो म्हणायचा आणि मागून त्या दोघी म्हणायच्या.

तो थांबला. जीव न घेण्याचं पहिलं शील त्यानं म्हटलंच नाही. दुसऱ्यापासून सुरुवात केली.

पार्वताबाईनं चमकून त्याच्या पाठीकडे पाहिलं. खुशबूनं डोळे मिटले आणि त्याच्यामागून दुसरं म्हणू लागली.