थोडंच उरलंय

परदेशी जहाजांच्या बुडाला चिकटून एक शेवाळ आमच्या खाडीत आलं आणि आमच्या शिंपल्यांचे सगळे खडक त्याने व्यापून टाकले. नातवंडांना याच खडकांवरचा शिंपला खाऊ घालायचा, या हट्टापायी रावीरीकाका बारा वर्षं दर शनिवारी बुडी मारून ते शेवाळ उपटत राहिले. सरकारने कौतुक म्हणून त्यांना एक प्रमाणपत्र आणि एक बोथट सुरी दिली.

"काका, समुद्र काय तुमच्या बापाचा आहे?" मी एकदा विचारलं.

"हो, आणि तुझ्याही बापाचा. चल, उतर पाण्यात."

यंदा बहुतेक खडक मोकळे झाले आणि त्यांच्यावर नखाएवढी शिंपल्यांची पिल्लं दिसली. नेमका त्याच आठवड्यात ऑकलंडच्या एका कंपनीला शोध लागला, की या शेवाळाच्या अर्काने चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जातात. कंपनीची निकोलबाई नव्वद डॉलरची क्रीमची डबी घेऊन काकांकडे आली.

"आता थोडंच उरलंय हो, काका," ती काळजीने म्हणाली.

काकांना कधी नव्हे तो कंपनीवाल्यांबद्दल उमाळा आला. "तेवढं उपटून न्या बाई, फुकट न्या. माझी कटकट मिटेल."



"छे छे! तुमच्या परंपरेचा आम्हाला फार आदर आहे," निकोलबाई छातीवर हात ठेवून म्हणाली. "शिंपले कमी झाले की तुम्ही वडीलधारी मंडळी राहुईची बंदी घालता ना, तशीच आता या शेवाळासाठी घाला, पाच वर्षं कुणी त्याला हात लावायचा नाही."