एन्टर

‘चुकीचा पासवर्ड.’

वहिनींनी चष्मा वर सरकवला आणि तीच अक्षरं एकेक करून पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

"ह्यांचा टाकला की मुकाट आत घेतो बघा," त्या धाकट्या दिराला म्हणाल्या. "प्रोग्राम लिहिला मी, आणि दाराबाहेर मीच!"

पायथॉनमधला त्यांचा हा पहिलाच प्रोग्राम. टेक्स्ट फाइलमधून नाव आणि पासवर्ड वाचायचे, जुळले तर आत घ्यायचं. फाइलमध्ये ओळी दोनच. वरची त्यांची, खालची नवऱ्याची. उद्या क्लासमध्ये, सगळ्या कॉलेजच्या पोरांसमोर तो चालवून दाखवायचा होता. नाही चालला तर क्लासच सोडायचा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. बोलल्या मात्र कुणाला नव्हत्या.

दीर कंप्युटरच्याच नोकरीतला. त्याचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला. वहिनींनी कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला.

"भाऊजी, तुम्ही चुटकीसरशी कराल. मग उद्या सरांनी विचारलं तर मी काय सांगू? हात लावू नका, नुसतं बोला."

तो ओशाळला. हात मांडीखाली दाबून बसला.

"बरं. फाइलमधून आलेला तुमचा पासवर्ड किती अक्षरांचा आहे, विचारा प्रोग्रामला."

त्यांनी विचारलं. सात.

"अहो, माझा तर सहाचा आहे!" नवऱ्याचा विचारला, तो बरोबर निघाला.

वहिनींनी फाइल उघडली. आपल्या ओळीच्या टोकाशी जाऊन उजवा बाण दाबला, तर कर्सर टुणकन खालच्या ओळीवर.

"अगं बाई! खाली ह्यांची ओळ लिहायची म्हणून इथे मी एन्टर मारला होता. तोही अक्षरात धरतो हा?"

"दिसत नाही, पण असतो," दीर म्हणाला. "ओळ वाचली की टोकाचं ते झटकून टाकायचं. त्याला स्ट्रिप म्हणतात."

वहिनींनी ते एका बोटाने लिहिलं. प्रोग्राम चालवला. पासवर्ड टाकला.

‘स्वागत आहे.’

त्यांनी प्रोग्राम बंद केला. पुन्हा चालवला. पुन्हा स्वागत. मग चष्मा काढून पुसत बसल्या, बराच वेळ.

नवरा आतल्या खोलीतून डोकावला. "काय, मिळाला का प्रवेश?"

"तुम्ही पहिल्यापासून आतच होतात," वहिनी म्हणाल्या. "मी आत्ता आले."